शुगर-बीपीच्या कार्डावर मनासाठीही एक रकाना हवा

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, बेळगाव,
तसेच जिल्ह्यातील तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रांचे व नम्म क्लिनिकचे वैद्यकीय अधिकारी आणि आशा कार्यकर्त्या

सादर नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात 29 वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. आपल्या जिल्ह्यात ज्यांची शुगर, बीपी, चरबी आणि पोटाचा घेर असे सगळेच एकदम वाढलेले आहे त्यांची तपासणी आता गावोगाव होते, गोळ्या मोफत मिळतात, आशाताई दारापर्यंत येतात. याबद्दल आपले आभार मानूनच मी हे पत्र लिहिते आहे. परंतु त्याच माणसांच्या मनाला काय झाले आहे हे त्या तपासणीत कोणी विचारत नाही, आणि त्यांनी काय खावे याचा जो कागद त्यांच्या हातात दिला जातो तो आमच्या स्वयंपाकघरांसाठी लिहिलेलाच नसतो. या दोन गोष्टी मी माझ्या घरात अनुभवल्या. त्या एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत हे मला उशिरा समजले, म्हणून हे पत्र खाजगी न ठेवता उघडपणे लिहीत आहे.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. वयाच्या 57 व्या वर्षी त्यांची तपासणी झाली तेव्हा कंबरेचा घेर 102 सेंटीमीटर, उपाशीपोटी शुगर 148, रक्तदाब 150/94, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी 260 आणि चांगले समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल अवघे 34 होते. दक्षिण आशियातील माणसांसाठी मेटाबॉलिक सिंड्रोमचे, म्हणजे हे सगळे बिघाड एकत्र येण्याच्या अवस्थेचे, जे निकष आहेत (घेर पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटीमीटर किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड 150 किंवा अधिक, एचडीएल पुरुषांत 40 आणि स्त्रियांत 50 च्या खाली, रक्तदाब 130/85 किंवा अधिक, उपाशीपोटी शुगर 100 किंवा अधिक) त्यांपैकी कोणतेही तीन लागू झाले तरी निदान होते. दादांना पाचही लागू होते. गोळ्या सुरू झाल्या आणि दर महिन्याला ते नेमाने जाऊन शुगर मोजून येऊ लागले.

पुढची दोन वर्षे दर महिन्याला काय झाले ते मी एकदा त्यांच्यासोबत जाऊन पाहिले. केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण तेथील माणसे वाईट नव्हती. समोर साठ-सत्तर जणांची रांग होती आणि परिचारिका दोघीच. त्यांनी बोटातून रक्त घेतले, आकडा लिहिला, पट्टा बांधून बीपी पाहिले आणि मान वर न करता विचारले, "आराम अदीरी?" (बरे आहात ना?) दादा म्हणाले, "आराम." हा शब्द मराठीत आहे आणि कन्नडमध्येही आहे, त्यामुळे दोन्हीकडचे समाधान झाले आणि पुढचे कार्ड घेतले गेले. वास्तविक त्या काळात दादा पहाटे तीनला जागे होऊन छताकडे पाहत पडून राहत होते. दर एकादशीला विठ्ठल मंदिरात भजनाला सर्वांत आधी पोहोचणाऱ्या या माणसाच्या टाळांची जोडी खुंटीला अडकवलेली होती, आणि मी सणाला घरी गेले तेव्हा त्या टाळांच्या दोरीवर कोळ्याने जाळे धरले होते. वहिनी म्हणत होत्या, "वय झालं, शुगरनं थकवा येतोय." आम्हीही तेच म्हणत होतो.

नैराश्य हा शब्द आमच्या घरात त्या दोन वर्षांत एकदाही उच्चारला गेला नाही. तो वर्तमानपत्रातला शब्द आहे. आमच्या भागातला माणूस म्हणतो, "मन लागत नाही", "जीव घाबराघुबरा होतोय", "अंग मोडून आल्यागत वाटतंय", "कशाकशात राम नाही", "जेवण गिळवत नाही." बायका तर मनाचे नावही काढत नाहीत, डोके जड आहे, छातीत धडधडते, कंबर धरते, एवढेच सांगतात, आणि त्यांना वेदनाशामक गोळी देऊन परत पाठवले जाते. शुगरच्या रुग्णाच्या तोंडून हीच वाक्ये आली की ती शुगरच्या खात्यावर जमा होतात. थकवा, झोप बिघडणे, वजनातला फरक, लक्ष न लागणे ही लक्षणे दोन्ही आजारांत येतात, आणि त्यामुळेच एका आजाराच्या आड दुसरा वर्षानुवर्षे लपून राहतो.

हे लपणे किती मोठ्या प्रमाणावर होत असेल याचा अंदाज आपल्याला माझ्यापेक्षा अधिक असणार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार प्रौढांमध्ये मधुमेह 11.4 टक्के, उच्च रक्तदाब 35.5 टक्के आणि पोटावरील स्थूलता 39.5 टक्के आहे. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दीड ते दोन पट आढळते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले की नैराश्यासारख्या सामान्य मानसिक आजारांच्या शंभर रुग्णांपैकी ऐंशीहून अधिक जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. शुगरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांमध्ये हे न पोहोचलेले लोक सर्वांत सहज सापडतील, कारण ते दर महिन्याला आपणहून आपल्या दारात येतात.

आता या दोन आजारांचे नाते. पोटाभोवतीची चरबी नुसती साठून राहत नाही. ती शरीरात सतत मंद दाह निर्माण करणारी रसायने सोडत असते. रक्तातील साखर व चरबी वाढलेली असताना पेशींमध्ये फ्री रॅडिकल म्हणून ओळखले जाणारे, अस्थिर आणि झोंबरे रेणू जास्त तयार होतात. शरीर त्यांना आवर घालते ते अँटिऑक्सिडंटच्या बळावर, म्हणजे स्वतः बनवलेल्या विकरांच्या आणि अन्नातून येणाऱ्या क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, कॅरोटीन, पॉलिफेनॉल यांसारख्या घटकांच्या मदतीने. आवर घालणारे कमी आणि झोंबणारे जास्त झाले की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. मेंदूला त्याची झळ अधिक बसते, कारण शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम 2 टक्के असला तरी शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के तोच वापरतो, आणि पाणी वगळले तर त्याची घडण मुख्यतः स्निग्ध पदार्थांची असते, जे लवकर ऑक्सिडाइज होतात. मी वर्गात मुलांना कापलेले सफरचंद काळे पडताना दाखवत असे आणि त्याच्या दुसऱ्या फोडीवर लिंबू पिळून ती तशीच पांढरी राहते हेही दाखवत असे. माणसाचे शरीर सफरचंदाइतके सोपे नाही, पण मुलांना कल्पना यायची.

वाट उलट्या दिशेनेही जाते. खचलेल्या माणसाच्या शरीरात पुष्कळदा कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढते, त्याने पोट आणि साखर दोन्ही वाढतात. असा माणूस चालायला जात नाही, रात्री जागतो, बिडी किंवा तंबाखू वाढवतो, आणि स्वयंपाक करणारी बाई खचली तर साऱ्या घराचे ताट बदलते. म्हणूनच मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्यांत नैराश्य आणि नैराश्य असलेल्यांत मेटाबॉलिक सिंड्रोम, असे दोन्ही बाजूंनी पाहिले तरी प्रमाण जास्तच आढळते.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीच्या माहितीवर गेल्या काही वर्षांत बरेच अभ्यास झाले आहेत. त्यांत माणसाच्या आहाराला आणि राहणीला मिळून एक गुणांक दिला जातो: भाज्या-फळांतील जीवनसत्त्वे, तंतुमय पदार्थ, मॅग्नेशियम, झिंक, शारीरिक हालचाल यांनी गुण वाढतात, तंबाखू, दारू, अति चरबी, स्थूलता यांनी कमी होतात. ज्यांचा गुणांक जास्त त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी असा संबंध त्यांत दिसतो. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला येथे थांबून सांगितले पाहिजे की अशा पाहण्या एका वेळचे चित्र दाखवतात. चांगल्या आहाराने मन सावरले की सावरलेल्या मनामुळे आहार चांगला राहिला हे त्यांतून ठरत नाही. त्या दृष्टीने ऑस्ट्रेलियात झालेली आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मला जास्त मोलाची वाटते. नैराश्य असलेल्या 67 जणांपैकी एका गटाला 12 आठवडे आहारतज्ज्ञांनी भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, सुका मेवा आणि मासे यांवर भर असलेल्या जेवणाकडे वळवले, दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ गप्पागोष्टींची सोबत दिली. पहिल्या गटातील 32 टक्के आणि दुसऱ्या गटातील 8 टक्के लोक आजाराच्या पातळीतून बाहेर आले. माणसे थोडी होती, आणि अनेकांचे नेहमीचे उपचार सोबत चालूच होते, म्हणून जेवण बदलले की नैराश्य जाते असा निष्कर्ष कोणी काढू नये. औषध आणि समुपदेशनाच्या जोडीला ताटाचाही हात लागतो, एवढे मात्र त्यातून म्हणता येते.

या "हात लागतो"ची विक्री कशी होते हेही आपल्या कानावर घालते. दादांच्या शेजारच्या गल्लीतील एका गृहस्थांनी साखळी विक्रीतून त्यांना अँटिऑक्सिडंट पावडरचे डबे दिले. सहा महिन्यांत जवळजवळ अकरा हजार रुपये गेले, आणि त्या भरवशावर दादांनी बीपीची गोळी एक दिवसाआड केली. फिनलंडमध्ये 29 हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनच्या गोळ्या देऊन पाहिल्या होत्या. 1994 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त आढळला. गाजरातले आणि पालेभाजीतले जे कॅरोटीन जन्मभर खाऊन अपाय होत नाही, तेच वेगळे काढून मोठ्या मात्रेत गोळीतून दिले तेव्हा त्या माणसांचे नुकसान झाले. तंबाखूच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हाला ही गोष्ट कोणीतरी अधिकाराने सांगायला हवी, आणि तो अधिकार आपला आहे.

अधिकाराने दिलेला आहाराचा कागद मात्र कसा होता? एका खाजगी दवाखान्यातून दादांना मिळालेला तक्ता माझ्यापाशी अजून आहे. इंग्रजी आणि कन्नडमध्ये छापलेल्या त्या कागदावर ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल, ब्लूबेरी आणि अक्रोड होते. वहिनींनी तो घडी करून देवघराच्या मागे ठेवला, आणि उप्पीट, दिवसातून पाच वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा, पांढऱ्या भाताचा डोंगर आणि त्यावर पातळ आमटी असे जेवण पूर्वीसारखेच चालू राहिले. ब्लूबेरीचा जो निळा-जांभळा रंग अँटिऑक्सिडंट म्हणून नावाजला जातो त्याच जातीचे रंगद्रव्य खानापूरच्या रानातल्या जांभळात आणि करवंदात आहे. अक्रोडातील ओमेगा-3 स्निग्धाम्ल जवसात आहे, आणि जवसाची चटणी आमच्याकडे अजून भाकरीच्या शेजारी असते. पालेभाज्यांची तर ददात नाही: मेथी, पोकळा, लाल माठ, अंबाडी, चाकवत, शेपू, अळू, हरभऱ्याचा कोवळा पाला, आणि परसातल्या शेवग्याचा पाला, जो फुकट मिळतो म्हणून त्याला किंमत नाही. आवळ्याइतके क जीवनसत्त्व संत्र्यातही नसते. टोमॅटोचा लाल रंग देणारे लायकोपीन थोड्या तेलात शिजवल्यावर अंगी जास्त लागते, पालेभाजीतले कॅरोटीन अंगी लागायलाही थोडे तेल लागतेच. म्हणजे लसणाची फोडणी दिलेली आमची साधी भाजी शास्त्राच्या कसाला उतरते. चूक होते ती भाजी चिरून मग धुण्यात, फार वेळ शिजवून पाणी ओतून देण्यात, आणि मुख्य म्हणजे ती एवढीशी वाढण्यात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनात प्रौढासाठी दिवसाला सुमारे 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे सांगितली आहेत. मी एकदा वहिनींच्या स्वयंपाकघरात वाण्याकडून तराजू आणून दादांच्या दिवसभराच्या ताटातली भाजी तोलली. ती बटाट्यासकट 110 ग्रॅम भरली. आणि हे कुठे, तर ज्या तालुक्यांतून रोज कोबी, टोमॅटो, गाजर, मिरची भरलेल्या गाड्या चोर्ला घाटातून गोव्याच्या बाजाराला जातात, तेथे. कडोली-कंग्राळीच्या शिवारात पहाटे भाजीच्या जुड्या बांधणाऱ्या बाईच्या स्वतःच्या दुपारच्या डब्यात भात आणि लोणचे असते. भाजी विकायची वस्तू झाली आणि भात पोट भरायची, असे आमच्याकडे हळूहळू होऊन बसले आहे. भोगीच्या दिवशी आम्ही हरभरा, घेवडा, वांगे, गाजर, शेंगदाणे, तीळ घालून मिसळीची भाजी आणि बाजरीची तीळ लावलेली भाकरी करतो. ते ताट मधुमेहाच्या कोणत्याही तक्त्यात सन्मानाने बसेल, आणि वर्षातून एकदाच वाढले जाते. आपला मराठीतला आहार तक्ता भोगीच्या ताटापासून सुरू झाला तर बायकांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

ऊस आणि गुऱ्हाळांच्या या जिल्ह्यात गुळाविषयीचा गैरसमजही त्याच तक्त्यात दूर करावा. साखरेऐवजी गूळ घेतला म्हणजे शुगरला चालतो असे चिकोडी-अथणीकडच्या माझ्या कितीतरी नातेवाइकांना मनापासून वाटते. भज्यांच्या गाड्यावर सकाळपासून तापत राहून काळे झालेले तेल हेही ऑक्सिडाइज झालेल्या स्निग्धाचे उघड उदाहरण आहे, त्याबद्दल दोन ओळी हव्यात. भात बंद करा असे मात्र लिहू नये. खानापूरच्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, आणि मन खचलेल्या माणसाच्या ताटातून त्याचे आवडते तेवढेच काढून घेतले तर तो उरलेलेही सोडतो. भात वाटीने मोजा, बाकी पोट नाचणीच्या किंवा जोंधळ्याच्या भाकरीने आणि भाजी-उसळीने भरा, असे सांगितले की लोक ऐकतात.

निपाणीचा उल्लेख वेगळा करायला हवा. 1981 च्या तंबाखू आंदोलनाने निपाणीच्या शेतकऱ्याचे दुःख देशाला समजले, पण तंबाखूने बांधलेल्या शरीरांची गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. घरी बसून हजारीच्या हिशेबाने बिड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन आठ-आठ, दहा-दहा तास एकाच जागी बसतात. तंबाखूची धूळ त्यांच्या श्वासातून आणि बोटांच्या कातडीतून अंगात जाते, आणि तपासणीच्या फॉर्मवर "तंबाखू घेता का" या प्रश्नापुढे त्या प्रामाणिकपणे "नाही" सांगतात. मिसरी लावणाऱ्याही "नाही"च सांगतात, कारण मिसरी त्यांच्या लेखी दात घासणे आहे. तंबाखू ऑक्सिडेटिव्ह ताण खूप वाढवतो, तेव्हा हा प्रश्न त्या भागात वेगळ्या शब्दांत विचारला गेला पाहिजे: मिसरी लावता का, बिड्या वळता का, किती वर्षे, खोलीला खिडकी आहे का. वडगाव-खासबागेत रात्रपाळीने यंत्रमाग चालवणाऱ्यांना तसाच झोपेचा प्रश्न विचारावा लागेल.

आता मूळ विनंती. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म, म्हणजे घरोघरच्या आरोग्य तपासणीची प्रश्नावली, भरतात त्याच्या सुधारित नमुन्यात मनाविषयीचे दोन प्रश्न आधीपासूनच आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला का, आणि उदास, निराश वाटले का. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण आहेत आणि बेरीज 3 च्या वर गेली तर पुढे पाठवायचे आहे. म्हणजे नवा कायदा नको, नवा निधी नको. प्रश्न छापलेले आहेत. पण माझ्या माहितीच्या घरांत तो भाग कसा भरला जातो? आशाताई अंगणात उभ्या, सासू शेजारी बसलेली, मुले भोवती, आणि प्रश्न कन्नडमधून घाईने मराठीत उलथवलेला: "निराश वगैरे नाही ना वाटत?" सुनेने त्याला "हो" म्हणायचे तरी कसे?

म्हणून माझी विनंती अशी की हे दोन प्रश्न या भागातल्या बोलीत, सर्व आशाताईंना आणि परिचारिकांना एकाच शब्दांत, लिहून द्यावेत. "पूर्वी जे आवडीनं करत होता ते आता करावंसं वाटतं का? मन लागतं का, की सगळं ओझं वाटतंय?" असे विचारले तर उत्तर येते, हे मी स्वतः महिला मंडळातल्या बायकांशी बोलताना पाहिले आहे. प्रश्न एकट्या माणसाला, घरच्यांना जरा बाजूला ठेवून विचारावेत. आणि वर्षातून एकदा अंगणात विचारून न थांबता शुगर-बीपीच्या मासिक कार्डावर साखरेच्या रकान्याशेजारी त्यांच्यासाठी एक रकाना ठेवावा. निदान तीन महिन्यांतून एकदा तो भरला जावा. गुण जास्त आले तर नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू प्रश्नावली मराठीतून घ्यावी, आणि तिच्यातला जीव नकोसा होण्याविषयीचा शेवटचा प्रश्न कोणीही संकोचाने गाळू नये. विचारल्याने माणूस त्या वाटेला जात नाही, उलट मोकळा होतो.

पुढे पाठवणे हा शब्दही आमच्याकडे जपून वापरावा लागतो. "धारवाडला न्यावं लागेल" या वाक्याची आमच्या आजोबांच्या पिढीपासून दहशत आहे, कारण वेड्यांचे इस्पितळ म्हणून लोक धारवाडच ओळखत. आता तेथे मानसिक आरोग्याची मोठी संस्था आहे, आणि तालुका रुग्णालयात मंगळवारी राज्याच्या मनोचैतन्य या मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर येतात, हे लोकांना माहीतच नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशभर पोहोचला तो आपल्याच राज्यातल्या बळ्ळारीच्या नमुन्यावरून. त्या राज्यातल्या रुग्णाला मंगळवारची ही सोय शेजारणीकडून कळावी, हे बरे नाही. शुगरच्या कार्डाच्या मागच्या बाजूला मराठीत "मन लागत नसेल तर मंगळवारी या खोलीत या" एवढे वाक्य आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक छापावा. त्या क्रमांकावर चोवीस तास फोन लागतो आणि भाषा निवडता येते.

दादांना त्या मंगळवारच्या खोलीपर्यंत मीच नेले. तेथील तरुण डॉक्टरबाईंची मातृभाषा कन्नड होती. मराठी त्या अडखळत बोलत होत्या, पण बोलत होत्या. त्यांनी शुगरचा आकडा पाहिला, फाईल मिटली आणि विचारले, "दादा, आधी काय आवडत होतं? आता त्यातलं काय सुटलं?" दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "टाळ." आणि साठीला आलेला तो माणूस लहान मुलासारखा रडला. डॉक्टरबाईंनी त्यांना रडू दिले. नंतर त्यांनी औषध सुरू केले, दर पंधरा दिवसांनी बोलायला बोलावले, आणि रक्तातले बी-12 तपासायला सांगितले. ते फारच कमी निघाले. शुगरसाठी दिले जाणारे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने बी-12 उतरू शकते, माळकरी शाकाहारी माणसात ते आधीच बेताचे असते, आणि त्याच्या कमतरतेनेही थकवा, मुंग्या, उदासी येते. दोन वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसाचे बी-12 तोपर्यंत कोणी पाहिलेले नव्हते. ही तपासणी तालुका पातळीवर उपलब्ध व्हावी हीही माझी मागणी समजावी. तसेच मनावरच्या काही औषधांनी भूक आणि वजन वाढते. अशा रुग्णाचे औषध सुरू करताना आणि नंतर दर महिन्याला कंबरेचा घेर मोजला जावा, नाहीतर एका खिडकीवर मिळवलेले दुसऱ्या खिडकीवर जाते.

आठ महिन्यांनी दादांचा घेर 96 वर आला, उपाशीपोटी शुगर 118 झाली, आणि आषाढी एकादशीच्या आधल्या दिवशी त्यांनी टाळ चिंचेने घासून उन्हात ठेवले. यात औषधाचा वाटा किती, बी-12 च्या इंजेक्शनांचा किती, वहिनींच्या मेथी-पोकळ्याचा किती आणि मुलाने संध्याकाळी सोबत चालण्याचा किती, हे मला सांगता येणार नाही. एका माणसावरून नियम काढू नये हे मी जन्मभर मुलांना शिकवले आहे. पण यातली कोणतीही गोष्ट त्या "आराम"नंतर सुरू झाली नव्हती, ती त्या एका नीट विचारलेल्या प्रश्नानंतर सुरू झाली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

चालण्याविषयी एक छोटी पण खानापूरकरांना रोज भेडसावणारी गोष्ट. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे जो पाऊस पडतो त्यात साठीच्या माणसाला रस्त्यावर चालणे शक्य नसते. हे चार महिने माणसे अंधाऱ्या घरात बसून काढतात, शुगर चढते आणि मनही मावळते. सरकारी शाळांचे व्हरांडे आणि समाजमंदिरे पावसाळ्यात संध्याकाळी सहा ते सात या वेळेत चालण्यासाठी उघडी ठेवण्याविषयी आपण शिक्षण खात्याशी बोललात तर खर्च काहीही नाही. चार माणसे भेटतात, बोलतात, हा त्यातला अर्धा उपचार.

भाषेच्या जुन्या वादात मला या पत्राने भर घालायची नाही. कन्नड तक्ता काढून मराठी लावा असे मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी मराठीही लावा, एवढेच म्हणते, कारण बीपीचा आकडा कोणत्याही भाषेत कळतो, पण मनात काय चालले आहे ते माणसाला आईकडून शिकलेल्या भाषेतच सांगता येते. हीच अडचण पलीकडे महाराष्ट्रात राहणाऱ्या कन्नड माउलींनाही येत असणार, आणि त्यांच्यासाठीही मी हेच पत्र लिहिले असते.

दोन प्रश्नांचा मराठी मसुदा, आमच्या भागातल्या भाज्यांचा महिनावार तक्ता आणि भोगीच्या ताटावर बेतलेला आठवड्याचा आहार मी आणि माझ्या दोन निवृत्त सहकारी शिक्षिकांनी तयार करून ठेवला आहे. आपल्या आहारतज्ज्ञांनी आणि मानसोपचार तज्ज्ञांनी तो तपासावा, हवे ते बदल करावेत. तालुका पातळीवर आशाताईंची मासिक बैठक होते तेथे येऊन हे प्रश्न कसे विचारावेत याचा सराव घेण्यास आम्ही तिघी विनामोबदला तयार आहोत. तारीख आपण कळवावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव